तांबं म्हणून लिही

मला राग लवकर येतो. आत्या म्हणायची, हा राग बापाकडून आलाय. अप्पा म्हणायचे, आत्याकडून. दोघं एकाच आईची लेकरं, तेव्हा या वादाला काही अर्थ नव्हता. पण मला कळायला लागल्यापासून तो वाद घरात चालू होता आणि दोघंही माघार घ्यायला तयार नव्हते.

आमचं गाव संतपूरहून चालत जाण्यासारखं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आडतीवर दखनी, आणि भांडणात तिन्ही. अप्पा गावच्या मराठी शाळेचे हेडमास्तर. आई माझ्या वेळच्या बाळंतपणातच गेली. आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर माहेरी आली होती, तिनंच मला वाढवलं. अप्पा तिला अक्का म्हणायचे, म्हणून सगळं गावही अक्का म्हणायचं. ती मात्र अप्पांना चांगल्या मूडमध्ये असली की बापू म्हणायची आणि चिडली की मास्तर.

छप्पन्ननंतर आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी रांगत होते. अप्पांनी त्या दिवशी घरातले ताईत, गंडे, दारावर टांगलेला बिब्बा, सगळं गोळा केलं. माझ्या कमरेला आत्यानं काळ्या दोऱ्यात ओवून निजामाच्या वेळचा एक जाड तांब्याचा ढब्बू पैसा आणि एक बिब्बा बांधला होता, दृष्ट लागू नये म्हणून. अप्पांनी तो दोरा कात्रीनं कापला आणि ढब्बू-बिब्ब्यासकट उकिरड्यावर फेकून दिला. "त्या दिवशी माझी पोरगी मोकळी झाली," असं म्हणून अप्पा ही गोष्ट संपवायचे.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही? शाळा तपासायला आलेल्या साहेबांना सांगितली. मी मॅट्रिक झाले तेव्हा सांगितली, एम.एस्सी. झाले तेव्हा सांगितली, बिदरच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. घरी ही गोष्ट निघाली आणि कात्रीपर्यंत आली, की आत्या "चूल बघते" म्हणून उठून आत जायची. चुलीत काही असो वा नसो.

पुढं मी मुंबईला भौतिकशास्त्राच्या एका संस्थेत लागले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी युरोपात जमिनीखाली एक प्रचंड यंत्र उभं राहत होतं. त्यात अणूच्याही पोटातले कण दोन्हीकडून वेगानं आणून एकमेकांवर आपटायचे, आणि त्या धडकेतून काय काय बाहेर उडतं ते भोवतीच्या शोधयंत्रानं टिपायचं. त्या शोधयंत्राचे काही भाग करून द्यायचं काम आमच्या संस्थेकडं आलं. त्यातलं पहिलं होतं ॲल्युमिनियमचं एक कडं. अगदी आतल्या भागाला आधार द्यायला, मोठ्या परातीएवढं. ते हैदराबादच्या एका कारखान्यात झालं आणि ट्रकनं मुंबईला आणायची जबाबदारी माझ्यावर आली.

सरळ हमरस्त्यानं जायचं सोडून ड्रायव्हरनं ट्रक बिदर-औराद-उदगीर असा घातला. का, तर त्याची सासरवाडी उदगीरला. मी हुमनाबाद फाट्यापासून त्याच्याशी भांडत आले. संतपूरच्या अलीकडं खडीचा दगड लागून डिझेलची टाकी गळायला लागली आणि ट्रक येऊन थांबला तो नेमका आमच्या शाळेसमोर. ड्रायव्हर उतरला, गळती बुजवायची दोन रंगांची लांबी काढली आणि कणकेसारखी मळायला बसला. ही लांबी एकदा वाळली की दगड होते म्हणे, पण वाळायला वेळ लागतो.

अप्पा शाळेतून आले. मला बघून आनंद झाला, पण ट्रकमधली कड्याची पेटी बघून जास्त झाला.

"उघड," म्हणाले.

"अप्पा, ते उघडायचं नसतं. थेट परदेशी जायचंय ते."

"माझ्या शाळेत आजवर विज्ञान म्हणून एक भिंग आलं. त्याला बी तडा. आन् आता जगातलं सगळ्यात मोठं यंत्र दारात उभं हाय, तर पेटी बंद? उघड!"

मी चिडले, तेही चिडले. ड्रायव्हर लांबी मळता मळता आमच्याकडं बघून हसायला लागला तेव्हा मी त्याच्यावरही चिडले. शेवटी मी हरले. अप्पांनी उभ्या जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, आणि पहिल्यांदा मागितलं ते हे. मी हातमोजे घातले, प्लास्टिक सोडलं आणि कडं शाळेच्या टेबलावर ठेवलं.

अर्ध्या तासात अख्खं गाव शाळेत. अप्पांनी आधी मराठीत भाषण केलं, मग कन्नडमध्ये, मग जे नंतर आले त्यांच्यासाठी दखनीत. मीही मध्येच सांगून टाकलं की हे कडं जिथं जाईल तिथं मागोमाग मी जाणार. कड्यावर गोल ओळीनं रुपयाएवढ्या तोंडाची भोकं होती. आरपार नव्हेत, आडासारखी तळाशी बंद. एक म्हातारे शेतकरी कड्याभोवती फिरून आले आणि म्हणाले, "बैलगाडीच्या चाकाची धाव हाय की वं ही. आन् हिला भोकं कामून पाडलेत?"

"वजन कमी करायला," मी सांगितलं.

"मग आधीच बारीक करायचं होतं की, माय!"

यावर सगळी शाळा हसली आणि मीही हसले, कारण आमच्या संस्थेतल्या मीटिंगमध्ये हाच प्रश्न निघाला होता आणि तिथंही तो तसाच राहिला होता.

आत्या मागं भिंतीला टेकून उभी होती. गर्दी बघून तिचा जीव वर-खाली होत होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लई लोकं बघून गेले गं. एवढ्यांची नजर..."

"आत्या! अप्पांनी ऐकलं तर?"

"मी काय म्हणलं का?" असं म्हणून ती ड्रायव्हरकडं गेली आणि घरची घागर गळते म्हणून त्याच्याकडून लांबीचा एक गोळा मागून घेतला. मग आम्हाला म्हणाली, "तुमी जेवून या. भाकरी, शेंगाची चटणी, सगळं झाकून ठेवलंय. मी बसते इथं राखण. पोरं हात लावतील."

जेवताना अप्पांना भरून आलं होतं. "बघ," म्हणाले, "अक्काला बी विज्ञानाची काळजी वाटायलीय." मीही हो म्हणाले. आम्ही दोघं शिकलेली माणसं, चटणी-भाकरी खात बसलो.

दुपार कलताना मी घाईघाईनं, भोकांकडं न बघताच कडं पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, पेटीला स्क्रू लावले आणि ट्रक निघाला. कडं मुंबईला गेलं, तिथून पेटी न उघडताच विमानानं युरोपात गेलं, आणि काही महिन्यांनी माझीही तिकडं नेमणूक झाली.

तिथं मला जे काम मिळणार होतं ते निघण्याआधी घरी सांगितलं तेव्हा अप्पांनी कपाळाला हात लावला होता. शोधयंत्राच्या आत कुठं किती धातू आहे, किती तार आहे, किती गोंद आहे, याचा नकाशा काढायचा.

"तुमीच बनवलंय ना ते?"

"हो."

"मग कुठं काय हाय ते तुमाला ठावं न्हाई? काखेत कळसा आन् गावाला वळसा!"

बोलणं खरं होतं, पण यंत्राचं तसंच असतं. कागदावर एक असतं आणि जोडताना कुणी एक तार जास्त घालतं, कुणी गोंद भसाभस ओततं, कुणाचा स्क्रू लांब असतो. धडकेतून उडालेले कण या सगळ्यातून जाताना थकतात, वळतात. वाटेत किती माल आहे ते नीट माहीत नसेल तर कणांबद्दल काढलेलं सगळं गणित चुकतं. आणि यंत्र एकदा बंद झालं की उघडून बघता येत नाही.

मग नकाशा काढायचा कसा? तर धडकेतून प्रकाशाचे कणही उडतात. ते स्वतः दिसत नाहीत. पण वाटेत कशावर आपटले तर कधी कधी त्या एका कणाचे दोन विद्युतभारित कण होतात, आणि त्या दोघांच्या वाटा यंत्राला दिसतात. त्या दोन वाटा मागं मागं नेत जायचं. जिथं एकत्र येतात, तिथं काहीतरी वस्तू आहे. तिथं एक ठिपका द्यायचा. अंधाऱ्या खोलीत माणूस ठेचा खात फिरला आणि जिथं जिथं ठेच लागली तिथं तिथं खूण केली, तर शेवटी पाटा कुठं, पेटी कुठं, उंबरा कुठं ते कळेल की नाही? तसंच हे. हजारो ठेचा गोळा करायच्या. जिथं जड धातू, तिथं ठिपके दाट. जिथं पोकळ, तिथं विरळ.

आमचा प्रमुख एक उंच, कोरडा गृहस्थ होता. दुपारी चाकूनं सफरचंदाच्या एकसारख्या फोडी करायचा, आणि दुसऱ्यांच्या कामाच्याही तशाच करायचा. माझी मुदत वसंतात संपत होती. नकाशा सगळ्या गटांनी मान्य केला तर मुदत वाढणार, नाहीतर परत. आणि परत जाणं म्हणजे नुसतं मुंबईला जाणं नव्हतं. "बाईला धाडलं होतं, जमलं नाही तिला," हे कायमचं पाठीवर घेऊन जाणं होतं. माझ्यामागं आमच्या संस्थेतल्या दोन मुली जायच्या रांगेत होत्या, त्यांचंही दार त्यानं बंद झालं असतं.

तर ठिपके पडत गेले आणि नकाशावर यंत्राची आकृती उमटायला लागली. मध्ये नळी, तिच्याभोवती तारांचे थर, आणि मग आमचं कडं! हैदराबादचं कडं, त्यातली ती भोकं गोल ओळीनं मोकळी मोकळी दिसत होती. मला इतका आनंद झाला की मी कागदावरूनच त्याच्यावर हात फिरवला. आणि मग दिसलं की एक भोक मोकळं नाही. त्याच्यात ठिपक्यांची गच्च गर्दी.

प्रमुखानं नकाशा पाहिला, मूळ आराखडा पाहिला. "आराखड्यात इथं काही नाही," तो म्हणाला. "म्हणजे तुमची रीत चुकते आहे. एका ठिकाणी जी चुकते ती सगळीकडं चुकत असणार."

"रीत बरोबर आहे. तिथं काहीतरी आहे."

"काय?"

आता काय सांगू, कपाळ माझं? मी सगळं पुन्हा तपासलं. बिघडलेली तार नव्हती, गणिताची चूक नव्हती. जितके नवे ठिपके येत होते तितकं ते भोक आणखी काळं होत होतं. नाण्याएवढा आकार, आणि जडपणा तांब्या-पितळेसारखा. ॲल्युमिनियमच्या कड्यात तांबं कुठून येणार? मी कडं बसवणाऱ्या तंत्रज्ञाला गाठलं. तो म्हणाला, "हो, एक भोक भरलेलं होतं. वरून काळसर, दगडासारखं घट्ट. वजनही थोडं जास्त भरलं होतं. आम्हाला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल. 'आलं तसं बसवलं' अशी नोंद केली." आणि कौतुकानं पुढं म्हणाला, "पण भरलं होतं मात्र फार सुबक. ज्यानं कुणी केलंय त्याचा हात चांगला आहे."

हैदराबादच्या कारखान्याला विचारलं, त्यांनी कानावर हात ठेवले. आणि मला शाळेचं टेबल आठवलं. ही नक्की अप्पांच्या शाळेतल्या कार्ट्यांची करामत! कुणीतरी तांब्या-पितळेचा तुकडा, बटण, काहीतरी कोंबून ठेवलं असणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी तार केली: रविवारी दुपारी संतपूरच्या आडत दुकानातल्या फोनपाशी थांबा. आता आमच्याकडं तार येते ती कुणीतरी गेल्याचीच. ती घरी पोचली आणि वाचायच्या आधीच आत्यानं हंबरडा फोडला. शेजारच्या बाया भाकरी-पिठलं घेऊन आल्या, कारण सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. अप्पांनी तार मोठ्यानं वाचून दाखवली तरी कुणी उठेना. पिठलं आणलंच होतं, तर सगळ्यांनी मिळून खाल्लं म्हणे.

रविवारी फोन लागला. मी अप्पांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुमच्या पोरांपैकी कुणीतरी त्या भोकात काहीतरी घातलंय."

"माझी पोरं? शक्यच न्हाई!" अप्पा गरजले. "पण मी चौकशी लावतो."

पुढच्या रविवारी पुन्हा फोन केला. संतपूरचा फोन बिदरच्या एक्स्चेंजमधून जोडला जायचा आणि तिथली ऑपरेटर बाई मध्येच ऐकत असायची. अप्पा म्हणाले, "चौकशी झाली. तीन कबुलीजबाब आलेत. एक पोरगं म्हणतंय गोटी घातली. एक म्हणतंय लिमलेटची गोळी. आन् एका पोरीनं आपला पडलेला दुधाचा दात घातलाय म्हणे, पण ती त्या वेळी शाळेतच नव्हती. मी जरा जास्तच दम दिला वाटतं."

"अप्पा, यातलं काहीच नाही! आत जड धातू आहे. तांबं असणार. जाड नाण्याएवढं!"

अप्पांना मोठ्यानं परत म्हणायची सवय, वर्गात म्हणतात तसं. "जाड नाण्याएवढं तांबं!" ते दुकानात ओरडले. आणि मग तिकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"काय झालं?"

"काई न्हाई. अक्काच्या हातनं पिशवी पडली. भाजीबाजाराला आली होती माझ्यासंग."

मग आत्याचा आवाज, लांबून. "मशिनीला दिसलं व्हय ते?" आणि मग जवळून, "फोन दे इकडं. मास्तर, तू जरा भायेर जा."

"कामून? परदेशातला फोन हाय, मिनिटा-मिनिटाला..."

"भायेर जा म्हणते ना!"

अप्पा काही गेले नाहीत. आत्या फोनमध्ये कुजबुजायला लागली. मला खर्रखर्र याशिवाय काही ऐकू येईना. मी ओरडले, "आत्या, मोठ्यानं बोल!"

"मोठ्यानं सांगितलं की गुण जातो त्याचा!"

"गुण गेला खड्ड्यात! माझी नोकरी जायलीय इथं!"

इतक्यात बिदरची ऑपरेटर मध्ये पडली. "अम्मा, जोर से बोलो! मॅडम कू सुनाई नै देरा!"

आणि मग आत्या ओरडली. तिनं एवढी वर्षं जे भावाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं, ते भर बाजारच्या दिवशी, आडत दुकानात, हमाल-दलाल-गिऱ्हाइकांसमोर छातीच्या जोरावर ओरडली. "बिब्बा हाय त्यात! बिब्बा आन् ढब्बू!"

तिकडं तागडीचा आवाजसुद्धा थांबला. मग अप्पांचा आवाज, लांबून, "कोणता ढब्बू?"

"तुझ्या पोरीच्या कमरेचा."

"तो मी फेकला होता."

यावर आत्या काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही. ऑपरेटरनं सांगितलं, "मॅडम, उनो बोलरे, तू फेका, मैं उठाई." मग तिला वाटलं मला कळलं नसेल, म्हणून समजावून म्हणाली, "उकिरडे पे से उठाए बोलते."

"आन् लांबी?" अप्पांना आता एकेक आठवत होतं. "ती लांबी घागरीला मागितली होतीस ना? घागर तर अजून गळायलीय!"

"गळू दे!" आत्या म्हणाली.

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी सवयीप्रमाणं चिडले. "आत्या, अगं यंत्राला कसली आलीय नजर? लोखंड-ॲल्युमिनियमला कुणाची दृष्ट लागते?"

"मशिनीला कोण बांधतंय?" आत्याही चिडली. "तुला बांधलाय. तूच म्हणलीस शाळेत, हे कडं जितं जाईल तितं मी जाणार म्हणून. तुझ्या पेटीत घातला असता तर तू बघून फेकून दिला असतास. बापावर गेलीस तू. कड्यात घातला तर कोण काढतंय? एवढ्या लांब, बिनओळखीच्या मुलखात पोरगी चाललीय, तिच्या आंगाला आपल्या घरचं काईच नको का?"

फोनच्या खोक्यात मी उभी होते, बाहेर दोन माणसं रांगेत होती. आई मला आठवत नाही. तिच्या जागी जी होती तिनं उकिरडा उकरून तो ढब्बू काढला होता आणि ती गोष्ट ऐकायला लागू नये म्हणून प्रत्येक वेळी चूल बघायला उठत होती. मी रडले, सरळ सांगते. ऑपरेटरही नाक ओढत होती, आणि मध्येच "मॅडम, तीन मिनट होगए, बढाऊं क्या?" म्हणून विचारत होती.

फोन अप्पांच्या हातात गेला. मला वाटलं, आता ते गरजणार.

"ते काढता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही, अप्पा. सगळं यंत्र उघडावं लागेल. आणि ते कुणी उघडणार नाही. मला आता फक्त लिहायचंय, तिथं काय आहे ते."

अप्पा घसा साफ करून, हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाले, "तांबं म्हणून लिही. ताईत, दृष्ट, तसलं काई लिहायचं न्हाई. तांबं हाय ते."

"हो, अप्पा."

"आन् केवढा व्हता ते अक्काला विचारून घे. अंदाजानं लिहू नको."

आत्यानं माप सांगितलं: जुन्या आठ आण्याएवढा गोल, दोन पापडांएवढा जाड, मधे सोनारानं पाडलेलं भोक, आणि तळाशी बिब्बा. मी ते मिलिमीटरमध्ये केलं आणि संगणकातल्या यंत्राच्या नमुन्यात त्या भोकात घातलं. तांबं सहज गेलं. बिब्ब्याचं काय करावं कळेना. तिथल्या पदार्थांच्या कोष्टकात शिसं होतं, टंगस्टन होतं, बिब्बा नव्हता. शेवटी कोळशाच्या नावावर खपवला. मग नमुन्यातला नकाशा आणि ठिपक्यांचा नकाशा एकमेकांवर ठेवले. त्या भोकातसुद्धा दोन्ही बरोबर बसले.

बैठकीत प्रमुखानं विचारलं, "आता तरी सांगाल, तिथं काय आहे?" मी सगळं सांगितलं. बिब्बा म्हणजे काय, दृष्ट म्हणजे काय, घागर कशी अजून गळते, सगळं. हसून हसून लोक खुर्चीवरून घसरायचे बाकी राहिले. प्रमुख मात्र हसला नाही. तो म्हणाला, "म्हणजे जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते या रीतीनं शोधून काढलं, आणि काय असेल तेही बरोबर सांगितलं. याहून मोठी परीक्षा मला सुचत नाही." नकाशा मान्य झाला, माझी मुदत वाढली, आणि मागच्या दोन्ही मुली पुढं तिकडं आल्या. पुढं एकदा यंत्राचा आतला भाग उघडायची वेळ आली तेव्हा ते नाणं काढून टाकू या का, असंही कुणीतरी म्हणालं. तंत्रज्ञ हातघाईवर आले. सगळ्या यंत्रात कधीच कुरकुर न केलेला भाग तेवढा एकच होता म्हणे.

त्या उन्हाळ्यात मी घरी आले ती नकाशाची मोठी प्रत घेऊन. अप्पांनी ती चौकट करून बाहेरच्या खोलीत लावली. दुसऱ्याच दिवशी शाळेची पोरं बघायला आली. अप्पा हातात छडी घेऊन उभे राहिले. ही नळी, हे तारांचे थर, हे आपल्या शाळेत येऊन गेलेलं कडं, ही त्याची भोकं. छडी त्या काळ्या भोकापाशी आली.

"आन् हे तांबं," अप्पा म्हणाले आणि छडी पुढं न्यायला लागले.

"सर, एकाच भोकात तांबं कामून?" पुढं बसलेल्या एका पोरीनं विचारलं.

छडी तिथंच थांबली. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. आता कात्रीची गोष्ट येणार, मला वाटलं; मी ती इतक्या वेळा ऐकली होती की पहिलं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. आत्या उंबऱ्यापाशी सुपात तूर निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

"माझ्या अक्कानं ठेवलंय ते," अप्पा म्हणाले. "कामून ठेवलं ते तिला विचारा. ती सांगंल."

सगळी पोरं आत्याकडं वळली. आत्यानं सूप खाली ठेवलं, पदर नीट केला. त्या दिवशी ती चूल बघायला उठली नाही.